सातचा टाइम

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडवर एखाद्या गाडीला आरसे नसले तरी चालतं, पण टाइम पाहिजे. टाइम म्हणजे परमिटवर लिहिलेली सुटायची वेळ. ती ज्याच्या त्याच्या मालकीची असते आणि लोक ती शेतासारखी जपतात. गीताबाई गजभिये यांच्या गाडीला सकाळी सातचा टाइम होता, बालाघाटहून उकवा आणि उकव्याहून बैहर. खाणीवर जाणारे, शाळांचे मास्तर, दवाखान्याच्या नर्सा, तहसिलीत चकरा मारणारे, सगळे सातच्या गाडीला. गीताबाईंचे यजमान देवेंद्र वारले तेव्हा भाऊबंदांनी गाडी विकून टाकायचा सल्ला दिला होता. गीताबाईंनी सल्ला ऐकून घेतला, सगळ्यांना चहा पाजला आणि तेरवी आटोपल्यावर नवऱ्याची चामड्याची बॅग गळ्यात अडकवून स्वतःच कंडक्टर म्हणून दारात उभ्या राहिल्या.

तो सातचा टाइम आता हातचा जायची पाळी आली होती. त्याच रस्त्यावर सव्वासातची गाडी चालवणाऱ्या घनश्यामने बसमालकांच्या युनियनकडे तक्रार केली होती की गजभियेंची गाडी रोज उशिरा सुटते आणि त्याच्या वाटणीची माणसं उचलून नेते. तक्रार खरी ठरली तर सातचा टाइम घनश्यामला, सव्वासातचा त्याच्या मेव्हण्याला, आणि गीताबाईंना दुपारी दोनचा. दुपारी दोनच्या गाडीत कोण असतं? एखादी म्हातारी, तिची बकरी आणि बाकी सगळा वारा.

बरं, तक्रार तोंडी असती तर गीताबाईंनी ती तोंडानेच निस्तरली असती. त्या बाबतीत स्टँडवर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण युनियनने रोजच्या कटकटींना कंटाळून बालाघाट आणि उकवा अशा दोन्ही स्टँडवर नुकतेच कॅमेरे बसवले होते, आणि घनश्याम पुरावा घेऊन आला होता.

युनियनचे सेक्रेटरी प्रभाकरकाका हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरी गेली तरी फायलीला दोरी बांधायची सवय गेली नव्हती. त्यांच्या केबिनमध्ये सगळे मालक दाटीवाटीने बसले आणि काकांच्या पुतण्याने, संकेतने, भिंतीवरच्या पडद्यावर चित्र लावलं. कॅमेरे संकेतनेच बसवले होते. नागपुरात कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यापासून तो स्टँडकडे जरा उंचावरूनच पाहायचा.

पडद्यावर गजभियेंची गाडी स्टँडबाहेर पडत होती. कोपऱ्यात पांढरे आकडे होते, सात वाजून वीस मिनिटं.

"देख लो," घनश्याम म्हणाला. "सात बीस! मेरे टाइम के भी बाद निकल रही हैं भाभीजी. मेरे लिए बचता क्या है? धूल?"

"खोटं हाय!" गीताबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी गाडी सातले निघते. पुनाराम सातले गेर टाकते म्हणजे टाकते."

पुनाराम हा त्यांचा ड्रायव्हर. तो दारात उभा होता. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कोणाला कळलं नाही.

"काकू, मशीन खोटं कशाला बोलेल?" संकेत म्हणाला. "आता उकव्याचं बघा."

उकव्याच्या चित्रात गाडी स्टँडमध्ये शिरत होती आणि आकडे सांगत होते की अकरा वाजून गेलेत. केबिनमध्ये कुजबुज झाली. बालाघाट ते उकवा म्हणजे फार तर दीड तासाचा रस्ता.

"चार घंटे!" घनश्यामने मांडीवर थाप मारली. "जंगल में गाडी खडी करके सवारी ढूँढती हैं, और क्या!"

गीताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, पण घटकाभरच. "संकेत," त्या म्हणाल्या, "आता ह्या घनश्यामभाऊची गाडी लाव. त्याच दिवसाची, उकव्याचीच."

संकेतने लावली. घनश्यामची गाडी अकरा वीसला उकव्यात शिरली.

"काहून भाऊ," गीताबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुमी बी जंगलात सवाऱ्या धुंडत होते का?"

केबिन हसून हसून लोटपोट झाली. प्रभाकरकाकांनी टेबल वाजवलं आणि निकाल तहकूब केला. आधी कॅमेऱ्यांच्या घड्याळांचा घोळ निस्तरायचा, मग आठवडाभराचं चित्र पाहायचं आणि मगच टाइमचं ठरवायचं.

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन स्वस्थ बसला असता. गीताबाईंचा संकेतवर काडीचा विश्वास नव्हता. बैहरहून परतल्या की हातपाय धुवायच्या आत त्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या.

"काकू, नेटवर्कचा इश्यू असेल. मी बघतो ना, तुम्ही जा."

"तू पाह्य, मी तुले पाह्यते. माझा टाइम जाऊन राह्यला इथं."

संकेतने आपला मोबाइल पडद्याशेजारी धरला. मोबाइलमध्ये तीन वाजले होते, कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये तीन वाजून दहा. मग त्याने सर्व्हरची सेटिंग उघडली आणि त्याचा चेहरा जरा उतरला. कॅमेरे बसवले तेव्हा केबिनमधलं इंटरनेट सारखं तुटत होतं. म्हणून त्याने सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की वेळ काकांच्या कॉम्प्युटरला विचारत जा. सर्व्हर बिचारा दर तासाला अदबीने काकांच्या कॉम्प्युटरला वेळ विचारत होता आणि काकांचा कॉम्प्युटर त्याला दहा मिनिटं पुढची वेळ सांगत होता.

"काका, तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे!"

"हौ, मीच ठेवलं," काका शांतपणे म्हणाले. "भिंतीवरलं बी पुढंच हाय. सर्विसमध्ये होतो तवापासूनची सवय हाय. पुढं ठेवलं म्हणजे माणूस वेळेवर येते."

"पण मग तुम्ही वेळेवर येता का?"

"नाही. मले मालूम हाय न, दहा मिनिट पुढं हाय म्हणून."

हे स्टँडवर सगळ्यांनाच मालूम होतं. चहावाल्यापासून क्लीनरपर्यंत जो तो केबिनच्या घड्याळाकडे बघायचा, मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचा आणि कामाला लागायचा. वर्षानुवर्षं कोणाचंही काही अडलं नव्हतं. फक्त सर्व्हरला ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती, आणि त्याला वजाबाकी करायची अक्कल नव्हती.

"म्हणजे माझी दहा मिनिटं तर इथंच सापडली," गीताबाई म्हणाल्या. त्यांना केवढं हायसं वाटलं. राहिली दहा मिनिटं, तीही अशीच कुठल्या तरी मशीनच्या पोटात असतील, याची त्यांना खात्री होती. "चाल, आता उकव्याले."

दुसऱ्या दिवशी संकेत सातच्या गाडीने उकव्याला गेला. घाटातल्या वळणांनी त्याचा नागपुरी रुबाब पहिल्या अर्ध्या रस्त्यातच उतरवला. उरलेला रस्ता तो खिडकीबाहेर तोंड काढून होता आणि गीताबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत इतरांची तिकिटं फाडत होत्या. उकव्याचं रेकॉर्डिंगचं मशीन स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात फ्रिजवर ठेवलेलं होतं, वर पापडाची परात. संकेतने परात बाजूला केली, मशीन उघडलं आणि मोबाइलमधली वेळ पुन्हा पुन्हा ताडून पाहिली.

"का झालं? मेलं का?"

"नाही काकू. हे मशीन चीनमधून आलंय. आणि अजून चीनच्याच टाइमवर चालू आहे. तिथली वेळ आपल्या अडीच तास पुढं असते. बसवताना देश विचारतं ते, तेव्हा..." तो अडखळला. "तेव्हा मी वाचलं नाही. पुढचं, पुढचं असं बटण दाबत गेलो."

गीताबाईंनी हिशेब केला. "म्हणजे माझी गाडी चीनमंधी अकराले पोचली?"

"तसंच काही तरी."

"मग तिथल्या युनियनले कराले सांग न कंप्लेंट."

संकेतने मशीनला भारतात आणलं. दोन्हीकडच्या मशीनांनी आता एकाच ठिकाणाहून, इंटरनेटवरच्या पक्क्या घड्याळाकडून, वेळ घ्यायची असं त्याने ठरवून दिलं. उकव्यात नेट जातंयेतं, तेव्हा तिथल्या मशीनच्या पोटातली संपलेली बॅटरीही बदलली, म्हणजे वीज गेली तरी ते वेळ विसरणार नाही. परत आल्यावर त्याने काकांचा कॉम्प्युटर बरोबर केला आणि सरतेशेवटी भिंतीवरचं घड्याळही खाली उतरवून दहा मिनिटं मागे घेतलं. काका तोंड फिरवून उभे होते. दुसऱ्याचा दात उपटताना माणूस उभा राहतो तसे.

सगळं बरोबर झालं, आणि दुसऱ्या दिवशी स्टँडचा पार विचका झाला.

कारण घड्याळ बरोबर झालं, पण माणसं कोण बरोबर करणार? जो तो सवयीने घड्याळाकडे बघे, दहा मिनिटं वजा करी आणि अजून वेळ आहे म्हणून दुसरा चहा मागवी. साडेसहाची वारासिवनीची गाडी उशिरा गेली, परसवाड्याची उशिरा गेली, स्वतः घनश्यामची गाडी साडेसातला हलली. काकांनी घड्याळाखाली पाटी लावली, "हे घड्याळ बरोबर आहे". ती वाचून लोक डोळे मिचकावत आणि दहा मिनिटं वजा करत. पाटीखाली हिंदीतही लिहिलं, तेव्हा तर लोकांचा संशय आणखी वाढला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दोन-तीन दिवस शिव्या खाल्ल्यावर स्टँड हळूहळू ताळ्यावर आलं आणि गाड्या टाइमावर सुटू लागल्या.

मग सभा बसली. गीताबाई त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. घड्याळं बरोबर झाली म्हणजे आपणही बरोबर, असं त्यांचं सरळ गणित होतं.

संकेतने एकेक गाडी दाखवली. वारासिवनीची वेळेवर. परसवाड्याची वेळेवर. घनश्यामची बरोब्बर सव्वासातला. गजभियेंची, सात वाजून दहा मिनिटं.

संकेतने दुसरा दिवस लावला. सात दहा. तिसरा दिवस. सात दहा.

"अब बोलिए," घनश्याम म्हणाला. "अब तो घडी भी इंडिया की है."

दुपारची दोनची गाडी, ती म्हातारी, ती बकरी गीताबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. देवेंद्रने हा टाइम मिळवायला किती हेलपाटे घातले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. "असं कसं होईन?" त्या म्हणाल्या. "पुनाराम सातले गेर टाकते. मी सोता सीटी वाजवते. तू नुसतं निघतानाचं काहून दाखवून राह्यला? आंधीपासून दाखव. सातच्या आंधीपासून."

संकेतने चित्र मागे नेलं.

सातला थोडा वेळ असताना पुनारामने गाडी सुरू केली. गीताबाई दारात उभ्या राहिल्या, शिटी तोंडात. सात वाजले. पुनारामने गिअर टाकला आणि गाडी वीतभर पुढे सरकली. "पाहा!" गीताबाई ओरडल्या. तेवढ्यात चित्राच्या डाव्या बाजूने घनश्याम आला. तो मनगटावर बोट आपटत होता. कॅमेऱ्यात आवाज नव्हता, पण तो काय म्हणतोय ते कळायला आवाजाची गरज नव्हती. टाइम हो गया, निकलो. दारातल्या गीताबाईंनी शिटी तोंडातून काढली आणि खाली उतरल्या.

मग पडद्यावर दोन माणसं हातवारे करू लागली. गीताबाईंचा हात वर गेला की घनश्यामचा खाली येई. घनश्यामने कपाळ बडवलं, गीताबाईंनी पदर खोचला. पुनारामने गाडी बंद केली, पलीकडच्या बाजूने उतरला आणि संथपणे चहाच्या टपरीकडे गेला. इकडून एक मास्तर रमतगमत आले आणि गाडीत चढले. खाणीवरची दोन माणसं आली. समोरच्या पोह्यांच्या गाड्याकडून दीपिका नर्स हात पुसत आली. पुनारामने चहा संपवला, तोंड पुसलं, परत येऊन जागेवर बसला आणि हॉर्न दिला. तेव्हा कुठे ती दोन माणसं वेगळी झाली. गाडी निघाली. सात दहा.

"दुसरा दिवस," प्रभाकरकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, फक्त साडी वेगळी. उशीर का होतो यावर रोज भांडण होत होतं आणि उशीर त्या भांडणानेच होत होता. चौथ्या दिवसापर्यंत सगळी केबिन पोट धरून हसत होती आणि घनश्याम खाली मान घालून बूट बघत होता.

गीताबाईंना भयंकर लाज वाटली. आणि लाजेबरोबर एक भलतीच गोष्ट कळली, तिचा त्यांना रागही आला. देवेंद्र गेल्यापासून स्टँडवरचे सगळे त्यांच्याशी हळू आवाजात, बिचारीशी बोलावं तसे बोलायचे. पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर मालक समजून ओरडला होता तो एकटा घनश्याम. पडद्यावरची ती पदर खोचलेली बाई त्या दहा मिनिटांत अगदी खुशीत दिसत होती.

"दहा मिनिट लेट हाय," गीताबाई म्हणाल्या. "मी कबूल करते. पण थांबवते कोण, ते बी सगळ्याईनं पाह्यलं."

काकांनी फायलीची दोरी सोडली, पुन्हा बांधली आणि निकाल दिला. दोष निम्मा-निम्मा. टाइम तूर्त ज्याचा त्याच्याकडे. पण यापुढे सातची गाडी सातला सुटली पाहिजे. एकदा जरी कॅमेऱ्यात उशीर दिसला तर गीताबाईंना दोनचा टाइम, मग रडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता घनश्याम पाठ फिरवून उभा होता. गीताबाईंनी शिटी वाजवली आणि गाडी ठोक्याला सुटली.

"वहिनी, माहा चहा राह्यला," पुनाराम कुरकुरला.

"जीव नाही जात चहाबिगर," गीताबाई म्हणाल्या. त्यांची छाती अभिमानाने भरून आली होती. ती स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत तशीच भरलेली राहिली. मग त्यांनी तिकिटं फाडायला मागे वळून पाहिलं, तर गाडी अर्धी रिकामी.

फोन वाजला. दीपिका नर्स होती. "ताई, गाडी कुठं हाय?"

"गेली. सात वाजले न."

"अशी कशी गेली? तुम्ही भांडल्याच नाही! मी पोहे खाऊन राह्यलती. तुमचा आवाज आला की मी उठते." मग तिचा सूर काळजीचा झाला. "तब्येत तर बरी हाय न तुमची?"

टाइम वाचला होता आणि त्या टाइमाची माणसं गेली होती. सगळे मास्तर, सगळे खाणवाले, दीपिका, सगळे मागून सव्वासातच्या गाडीने येत असणार. उकव्यापर्यंत गीताबाई रिकाम्या सीटा पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. असा जीव जाळून वाचवलेला टाइम घेऊन काय त्याची पूजा करायची?

उकव्याला त्यांची गाडी उभी होती तेवढ्यात मागून घनश्यामची आली. दारात माणसं लोंबकळत होती. हा आता मिशीला पीळ देत येणार, असं गीताबाईंना वाटलं. घनश्याम आला तो घामाघूम.

"भाभीजी, अपनी सवारियाँ अपने पास रखिए," तो म्हणाला. "मेरे रोज के गाँववाले रस्ते पे बोरे लेकर खडे रह गए. बिठाऊँ कहाँ? औरतों ने वो गालियाँ दी हैं मुझे कि क्या बताऊँ. और आपके मास्टरजी पूरे रस्ते बोलते रहे कि वो बहनजी तो सीट देती हैं."

"मग मी का करू? सातले नाही निघाली तर माझा टाइम जाते."

घनश्यामने डोकं खाजवलं. "झगडा तो करना पडेगा," शेवटी तो म्हणाला.

"पण सातले नाही." गीताबाईंनी विचार केला. "दहा मिनिट आंधी या."

"दहा मिनट पहले? तब तो मैं नहाता हूँ."

"मंग लवकर नाहा."

दुसऱ्या दिवशी घनश्याम ओल्या केसांनीच आला. गीताबाई तयारीत उभ्या होत्या. पण समोरासमोर आल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की भांडायला विषयच नाही. गाडीला उशीर झालेला नव्हता, तर ओरडायचं कशावर? घनश्यामने इकडेतिकडे पाहिलं. गीताबाईंनी डोळ्यांनी त्याला खुणावलं, करा की सुरू.

"आपका पुनाराम," घनश्यामच्या तोंडून निघालं, "रोज मेरी गाडी के आगे थूकता है!"

हे निव्वळ खरं होतं, आणि म्हणूनच गीताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "अन् तुमचा क्लीनर? माझ्या गाडीच्या सावलीत बसून दाढी करते, तवा?" आवाज स्टँडभर गेला. पोह्यांच्या गाड्यापाशी दीपिकाने प्लेट खाली ठेवली. मास्तरांनी धोतर सावरून पाय उचलला. खाणवाले चहा फुंकून फुंकून पिऊ लागले. पुनाराम तर केव्हाच टपरीवर पोचला होता.

घनश्यामने क्लीनरची बाजू घेतली, मग गीताबाईंच्या हॉर्नवर आला, हॉर्नवरून टायरवर आणि टायरवरून म्हणाला की देवेंद्रभाई असते तर असं बोलले नसते. आणि नेमकं त्याच क्षणी गीताबाईंना उत्तर सुचलं. असं बिनतोड, असं झणझणीत, की घनश्यामला आठवडाभर तोंड वर करता आलं नसतं.

पुनारामने हॉर्न दिला. सात वाजले होते.

गीताबाईंनी आयुष्यात एकही भांडण अर्ध्यावर सोडलं नव्हतं. त्यांनी घनश्यामकडे पाहिलं, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि ते उत्तर तसंच गिळून गाडीत चढल्या. शिटी वाजवताना त्यांच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी आलं. गाडी खचाखच भरली होती. दीपिकाने सरकून जागा दिली आणि विचारलं, "ताई, आज कोण जिंकलं?"

"तिकीट काढ आंधी," गीताबाई म्हणाल्या.